पंपाला काडेपेटीभर

आमच्या निफाडकडे द्राक्षाच्या पानावर पीठ चाळल्यासारखा पांढरा थर दिसला, की 'भुरी आली' म्हणतात. जर्मन लोक त्याच रोगाला मेलताऊ म्हणतात. मेल म्हणजे पीठ, ताऊ म्हणजे दव. हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी खूश झालो होतो. वाटलं, चला, या देशात एक तरी गोष्ट अशी आहे जी मला कुणी शिकवायला नको.

त्या खुशीतूनच पुढचं सगळं झालं.

मी शेतकऱ्याचा मुलगा, पण शेती केलेली नाही. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यभर द्राक्षं केली आणि मला मळ्यात कधी फार उतरू दिलं नाही. मी शिकलो, इंजिनियर झालो, आणि न्युरेम्बर्गजवळच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात लागलो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने दांडा जाड निघाला तरी अख्खा माल परत पाठवणारा माणूस मी. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे सांगायला जास्त लाज वाटेल.

दोन हजार तेरा साली आम्ही शहराबाहेरच्या एका गावात घर भाड्याने घेतलं. खाली मी, बायको आणि मुलगी. वरच्या मजल्यावर घरमालकीण बाई, एकट्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, उजवा गुडघा दुखरा. मागे बाग, आणि बागेच्या कोपऱ्यात ओकचं झाड. बाईंचे यजमान निवृत्त झाले त्या वर्षी जंगलातून फिरून येताना ओकचं एक बी खिशात घालून आले होते. आधी कुंडीत, मग बागेत. आम्ही राहायला गेलो तेव्हा यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि झाड माझ्या दुप्पट उंच होतं. बुंधा मांडीएवढा. ओकच्या हिशोबात ते अजून पोरच होतं. बाई सकाळी कॉफीचा कप घेऊन त्याच्याशी जाऊन बोलत. काय बोलत ते मी कधी ऐकलं नाही. मुद्दाम ऐकलं नाही असं म्हणा.

पहिल्या शरद ऋतूत त्यांनी आम्हाला वर बोलावलं. टेबलावर आंबट जांभळ्या फळांचा केक होता. माझ्या ताटलीत तुकडा घालत म्हणाल्या, "आल्झो, तर मग, आता आपण डू म्हणू."

जर्मनमध्ये डू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसाने आपण होऊन डू दिलं तरच घ्यायचं, असा रिवाज. मला ते घेताच येईना. महिनाभर मी अशी वाक्यं जुळवत होतो ज्यात तूही नको आणि तुम्हीही नको. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? आईंना तुम्ही तूच म्हणायचात की."

खरंच की. अण्णांना अहो आणि आईला अगं, हे आमच्या घरात पहिल्यापासून. मग जमलं. बाईंचं डू माझ्या मनात आईच्या तू शेजारी जाऊन बसलं. आई तोवर गेली होती. कुणाला तरी तू म्हणायला मिळतंय, याचंच बरं वाटे.

जूनच्या अखेरीला ओकला दुसऱ्यांदा पालवी फुटते. कोवळी, तांबूस, मऊ. भुरी नेमकी तिच्यावर बसते. चौदा सालच्या जुलैत मी पहिल्यांदा ती पाहिली आणि धावत बाईंना दाखवायला नेलं, जसा काही शोध लावलाय.

"हो, हो, मेलताऊ," त्या म्हणाल्या. "दरवर्षी येतो. दास विर्ट शोन."

म्हणजे, होईल ठीक. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गुडघ्याबद्दल, पावसाबद्दल, माझ्या जर्मनबद्दल.

"काही फवारायचं नाही का?"

"माझ्या बागेत काही फवारायचं नाही. माझ्या माणसाने कधी फवारलं नाही. ओकला जमतं ते."

आणि जमलंही. पानं थोडी वाकडी झाली, शेंडे पांढुरके राहिले, ऑक्टोबरात गळाली. बाईंनी सगळी गोळा करून महापालिकेच्या तपकिरी डब्यात टाकली. खताच्या खड्ड्यात नाही. तेवढाच त्यांचा इलाज.

पंधरा सालचा उन्हाळा कडक होता. पाऊस नाही, गवत पिवळं, आणि ओकची दुसरी पालवी आली तीच पांढरी. जुलैत बाई गुडघ्याच्या उपचारासाठी तीन आठवडे डोंगरातल्या आरोग्यगृहात जाणार होत्या. जाताना मला किल्ली दिली आणि कामं सांगितली. टोमॅटोला रोज, गुलाबांना एक दिवसाआड, ओकला आठवड्यातून दोनदा तीन-तीन बादल्या, बुंध्याशी, सावकाश. "बाकी काही करू नकोस," म्हणाल्या.

त्यांची टॅक्सी वळणाआड गेली आणि मी झाडाकडे बघत उभा राहिलो. मला त्यांना खूश करायचं होतं. परत येतील तेव्हा झाड हिरवंगार, आणि मी काही बोलणारच नाही. त्यांनीच विचारावं, हे कसं काय? मग मी सांगीन, आमच्याकडे याला भुरी म्हणतात.

त्या रविवारी अण्णांना फोन केला.

"अण्णा, इथे ओकच्या झाडावर भुरी आलीय."

"कशाच्या?"

"ओक. जंगलातलं झाड असतं."

"जंगली झाडाला औषध कोण मारतं? तुला तिकडे काही काम नाही का रे?"

"घरमालकीण बाईंचं आहे हो."

"अस्सं. मग गंधक मार. पंपाला काडेपेटीभर. आणि सकाळी मार, उन्हाच्या आत. पारा बत्तीसच्या वर असला तर हात लावू नकोस. पान करपतं."

हे सगळं मी नीट ऐकलं. आजही तो आवाज कानात आहे. मळ्यात सकाळी आठच्या आत गडी पंप पाठीवर घेऊन बाहेर पडत, तेही डोळ्यांपुढे आहे.

अडचण समोरच्या शेजाऱ्याची होती. हे निवृत्त गृहस्थ सकाळी सहापासून पेपर घेऊन गच्चीत बसत, आणि गल्लीत कुणाच्या डब्यात कुठला कचरा गेला हे पेपरापेक्षा जास्त बारकाईने वाचत. सकाळी मी फवारणी केली असती तर बाई परत यायच्या आत त्यांच्या कानावर गेलं असतं. पण शनिवारी दुपारी हे गृहस्थ सायकल काढून तळ्यावर पोहायला जात. अख्खी गल्लीच जाई. बायको आणि मुलगीही त्या दिवशी गेल्या.

म्हणून मी दुपारी दोन वाजता फवारलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतला थर्मामीटर छत्तीस दाखवत होता. तो मी पाहिला होता.

बागकामाच्या दुकानातून गुलाबांवर मारायचं गंधक आणि हाताने दाब भरायचा पंप आणला होता. काडेपेटी घरातली, देवापाशी असायची ती. काड्या एका स्टीलच्या वाटीत ओतल्या, रिकाम्या पेटीत गंधक दाबून भरलं आणि पंपात टाकलं. एका पंपाला एक काडेपेटी. गंधकाच्या डब्यावर प्रमाणाचा तक्ता होता, बारीक अक्षरांत. तो वाचला नाही. अण्णांनी सांगितलं होतं ना.

पान न् पान भिजवलं. खालून, वरून. गंधकाचा वास आला आणि मला मळ्यातल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे. त्या दुपारी मी फार आनंदात होतो.

संध्याकाळी बायको परत आली. देवापाशी दिवा लावायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, या काड्या वाटीत कुणी ओतल्या?"

"पेटी ओली झाली होती. टाकून दिली."

"मग या ओढायच्या कशावर?"

दुसऱ्या दिवशी तिने नवी काडेपेटी आणली. वाटी तशीच मांडणीच्या वरच्या फळीवर गेली.

सोमवारी झाडाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. बुधवारी पानं चहाच्या पत्तीसारखी चुरगळली. शनिवारपर्यंत अर्धी पानं खाली होती आणि उरलेली वाळून फांद्यांना लटकत होती.

चूक कळली ती कामावर. एका यंत्राच्या तेलाच्या टाकीची क्षमता नोंदवत होतो. लिटर हा शब्द लिहिला आणि हात थांबला. अण्णांचा पंप म्हणजे पाठीवरचा पंधरा लिटरचा पंप. आमच्याकडे पंप हे मापच आहे. औषध पंपावर मोजतात, मजूर पंपावर मोजतात, पंप केवढा हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि माझा पंप पाच लिटरचा होता. म्हणजे तिप्पट गंधक, छत्तीस अंशांत, पावसासाठी तहानलेल्या झाडावर. शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाने.

बाई परत आल्या तेव्हा मी दाराशीच होतो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. जर्मनमध्ये, व्याकरण तपासून. काठी टेकत त्या सरळ बागेत गेल्या. मी मागे. झाडापुढे किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मग एक वाळकं पान उचललं, उलटं केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मेलताऊ?"

मी म्हणालो, "जा."

जर्मनमध्ये जा म्हणजे हो. मराठीत जा म्हणजे निघ. एवढा एकच शब्द बोललो मी. तो परत घ्यायला तीन वर्षं लागली.

पुढे सप्टेंबरमध्ये पानं गोळा करताना त्या बोलल्या. मी दाताळं चालवत होतो, त्या पिशवीचं तोंड धरून उभ्या होत्या.

"मी नेहमीच उशीर करते," त्या म्हणाल्या. "त्यालाही खोकला होता. वर्षभर. मी म्हणत राहिले, दास विर्ट शोन. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. आणि आता त्याचं झाड. तू तर विचारलंही होतंस मला, फवारायचं का. मी नको म्हणाले."

मी दाताळं चालवत राहिलो.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. तेव्हा मी स्वतःला एक कारण देत असे. आमच्या कायमच्या परवान्याचे कागद चालू होते, त्यात घराचा एक कागद बाईंच्या सहीचा लागणार होता, अशा वेळी कशाला. पण कागद डिसेंबरात झाले. त्यानंतरही मी गप्पच होतो. खरं कारण साधं होतं. त्या मला चांगला माणूस समजत होत्या, आणि ते मला सोडवत नव्हतं.

जानेवारीत त्यांनी ठरवलं, झाड काढून टाकायचं. मेलेलं झाड खिडकीतून रोज बघवत नाही म्हणाल्या. पुतण्याला सांगितलं. मार्चपासून पक्ष्यांचे घरट्यांचे दिवस सुरू होतात, तेव्हा झाडं तोडत नाहीत, म्हणून फेब्रुवारीअखेरच्या आत.

आता माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती जिच्याने झाड वाचलं असतं. ते रोगाने मेलं नव्हतं, करपलं होतं. करपलेलं झाड मेलेलं असतंच असं नाही. मी एकदा फांदीला नखाने ओरखडून पाहिलं होतं. आत हिरवं होतं. बाईंना फक्त सांगायचं होतं, मेपर्यंत थांब. पण का थांबायचं ते सांगितल्याशिवाय हे सांगता येत नव्हतं.

पुतण्या यायच्या आदल्या दिवशी मी शंकरपाळ्यांची ताटली घेऊन वर गेलो. सांगायचंच, असं ठरवून. त्यांनी कॉफी केली. यजमानांचा एक फोटो टेबलावर काढून ठेवला होता, हातात कुंडी, कुंडीत बोटभर रोप. "हे बघ, केवढंसं होतं," म्हणाल्या. मी बघितलं. शंकरपाळे कसे करतात ते सांगितलं. तूप किती, साखर किती. अगदी बरोबर माप सांगितलं. आणि खाली आलो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. जेवायला वाढता वाढता एवढंच म्हणाली, "फळीवर त्या काड्या आहेत अजून. पेटी सापडली तर सांगा."

तिला तेव्हा किती कळलं होतं हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी करवत चालली. मी दोर धरून उभा होतो. झाड पडलं तेव्हा बाई स्वयंपाकघरात पुतण्यासाठी कॉफी करत होत्या. कापलेला भाग ओला होता, पिवळसर, ताजा. पुतण्याने अंगठा फिरवून पाहिला.

"मेलंय म्हणाली ना काकू? हे तर जिवंत वाटतंय."

"बुंधा काढू नका," मी म्हणालो. "राहू दे. त्यावर कुंडी ठेवता येईल."

तो हसला. "बरं. मलाही खोदायचा कंटाळाच आलाय."

एवढं एक मी केलं.

मेमध्ये बुंध्याच्या सालीतून कोंब फुटले. एक नाही, वीस-पंचवीस. बाई सकाळी कॉफीचा कप घेऊन आल्या आणि हातातला कप तसाच गवतावर ठेवून गुडघा दुखत असताना खाली बसल्या. मी खिडकीतून पाहत होतो.

तेव्हापासून मी त्या झाडाचा गडी झालो. कुणी सांगितलं नाही. वाचनालयातून पुस्तकं आणली, त्यातली बारीक अक्षरंही वाचली. बुंध्यावरचे कोंब कोवळे असतात, त्यामुळे भुरी त्यांना सगळ्यात आधी धरते. नत्राचं खत घालायचं नाही, नुसती लुसलुशीत पालवी वाढते आणि बुरशीचं फावतं. उन्हाळ्यात कापायचं नाही, कापलं की पुन्हा कोवळं फुटतं. छाटणी हिवाळ्यात. बुरशी कळीच्या आत लपून थंडी काढते, म्हणून पांढुरके, वाकडे शेंडे तेव्हाच काढून टाकायचे. कोंबांतले तीन धडधाकट ठेवायचे, बाकी जाऊ द्यायचे, म्हणजे मधून वारा खेळतो. पाणी बुंध्याशी, थोडं थोडं रोज नाही, आठवड्याला पण खोलवर. गळलेली पानं एकही ठेवायची नाही. आणि मुख्य म्हणजे, पांढरं दिसलं की घाबरायचं नाही. ओकला जमतं ते.

हे शेवटचं बाईंचंच. पण आता त्या ते म्हणत नसत. दास विर्ट शोन हे वाक्यच त्यांच्या बोलण्यातून गेलं होतं. पावसाबद्दलही म्हणत नसत. गुडघा जरा दुखला की डॉक्टर. आमच्या मुलीला शिंक आली तरी खाली येऊन विचारत, डॉक्टरांकडे नेलंस का? बायको हसायची. मला हसू येत नसे.

"तू किती करतोस त्याच्यासाठी," त्या मला म्हणत. समोरच्या शेजाऱ्यालाही सांगत. तो गच्चीतून मान डोलवे.

अठरा सालचा उन्हाळा पंधरापेक्षाही वाईट होता. तीन कोंब तोवर माझ्या खांद्याएवढे झाले होते, आणि जुलैत त्यांच्यावर भुरी बसली. मी बादल्या वाढवल्या. एका शनिवारी, जेवणानंतर, बागेत काही खडखडलं म्हणून बाहेर आलो. बाई उभ्या होत्या. पायापाशी माझा पंप. तळघरातल्या फळीवरून त्यांनी तो शोधून काढला होता. हातात दुकानातून आणलेला गंधकाचा नवा डबा.

"हा तुझाच ना?" त्या म्हणाल्या. "तोटी चोंदलीय, पिवळं काहीतरी बसलंय. जरा साफ करून दे. या वेळी मी उशीर करणार नाही."

"आत्ता?"

"सकाळी गुडघा वाकत नाही माझा. आत्ताच."

मी खिडकीतल्या थर्मामीटरकडे पाहिलं. पस्तीस.

"आज नको. बत्तीसच्या वर पानं करपतात."

"तुला कसं माहीत?"

"माझे वडील सांगतात. द्राक्षांचं."

इथे थांबता आलं असतं. हे खरंही होतं आणि पुरेसंही. पण बाई डबा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"हे तुला माहीत होतं," त्या हळूहळू म्हणाल्या. "औषध माहीत होतं, वेळ माहीत होती. मग त्या वर्षी मला जोर देऊन का नाही सांगितलंस? मी ऐकलं असतं तुझं. तेव्हा फवारलं असतं तर ते वाचलं असतं."

मी म्हणालो, "तेव्हा फवारलं होतं. मी."

मग सगळं सांगितलं. व्याकरण न तपासता. दुपारचे दोन, शेजारी तळ्यावर, काडेपेटी, पंप केवढा. नखाने ओरखडलेली फांदी आतून हिरवी होती, हेही. ते सांगणं सगळ्यात कठीण गेलं. माझं संपल्यावर बाईंनी गंधकाचा डबा गवतावर ठेवला.

"म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"नाही. तू नव्हतीस. मी काही केलं नसतं तर ते आज उभं असतं."

"तीन हिवाळे," त्या म्हणाल्या. "तीन हिवाळे मी त्या खिडकीत बसून त्याची माफी मागितलीय. त्याच्या खोकल्याचीसुद्धा पुन्हा पहिल्यापासून. तू खाली होतास. रोज."

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं. चोंदलेल्या तोटीकडेही त्या अशाच बघत होत्या.

"तुम्ही आता घरात जा," त्या म्हणाल्या.

झी. तुम्ही. पाच वर्षांनी. आवाज जराही चढला नव्हता. मी आत गेलो. बायको दाराशीच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने चहाचं आधण ठेवलं.

त्या रविवारी अण्णांनाही सांगितलं. त्यांना आधी काही आठवेना. मग विचारलं, "पंप केवढा होता?"

"पाच लिटरचा."

आधी म्हणाले, "इंजिनियर ना रे तू?" आणि थोड्या वेळाने, "माझंही चुकलं. लिटर सांगायला पाहिजे होते."

"तुमचं नाही चुकलं, अण्णा."

"बाईंना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाल्या?"

"अहो म्हणाल्या," मी म्हणालो. त्यांना काय समजलं कोण जाणे.

ऑगस्ट, सप्टेंबर आम्ही झीवर काढले. जिन्यात भेट झाली की नमस्कार, हवापाणी. मुलीशी आणि बायकोशी त्या पूर्वीसारख्याच बोलत, केकचा तुकडाही खाली येई, ताटलीवर दोनच तुकडे. मी पाणी घालत राहिलो. घालू नका असं त्यांनी सांगितलं नव्हतं. पंप आणि गंधकाचे दोन्ही डबे मी महापालिकेच्या विषारी कचऱ्याच्या गाडीत नेऊन दिले. झाडाला त्या वर्षी कुणी काही फवारलं नाही. पानं वाकडी झाली, पांढुरकी राहिली आणि टिकली.

एकदा जिन्यात बायकोशी बोलताना मी त्यांचा आवाज ऐकला. मुलीच्या दुखऱ्या घशाची चौकशी चालली होती. बायको म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे नेते. बाई म्हणाल्या, "अगं, दोन दिवस थांब. दास विर्ट शोन." मी दाराआड होतो. तिथेच खाली बसलो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिन्याच्या कठड्याला चिकटवलेली चिठ्ठी दिसली. त्यांचं शाळेतल्यासारखं गोल अक्षर. 'पानं शनिवारी दहा वाजता. दाताळं तुम्ही आणा.'

मी दहाला पाच कमी असतानाच गेलो. धुकं होतं, गवत ओलं. त्या पिशवीचं तोंड धरून उभ्या राहिल्या, मी दाताळं चालवलं. ओकची पानं शेवटपर्यंत फांदीला धरून राहतात, काही हातानेच काढावी लागली. समोरचा शेजारी गच्चीत पेपर वाचत होता. पिशवी भरली, दुसरी घेतली.

मग बाईंनी कोंबावरचं एक पान तोडलं आणि उजेडात धरलं. पानावरचा पांढरा थर करडा झाला होता, आणि त्यावर खसखशीहून बारीक काळे ठिपके. बुरशीची पुढच्या वर्षीची तयारी.

"शाऊ," त्या म्हणाल्या.

शाऊ म्हणजे बघ. बघा म्हणायचं असतं तर शाउएन झी म्हणाल्या असत्या. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, झाडाकडे तोंड करून उभ्या होत्या. आणि त्या झाडाशी, किंवा झाड लावणाऱ्याशी, रोज सकाळी बोलतात हे मला माहीत आहे.

मी विचारलं नाही. दाताळं गवतावर ठेवलं, जवळ गेलो आणि बघितलं.